दोन मुठी शेंगदाणे

माझ्या बॅगेत चार वाट्या, तीन चमचे, एक पळी आणि एक छोटा वजनकाटा असायचा. वाट्या एकात एक बसणाऱ्या होत्या आणि एसटीने खड्डा घेतला की वाजायच्या. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी घरी बसले होते, तेवढ्यात एका संस्थेच्या पाहणीत काम मिळालं. गरोदर बायका काय खातात, किती राबतात, किती वेळ पाठ टेकतात आणि पुढे बाळ किती वजनाचं होतं, हे सगळं मोजायचं होतं. माझ्याकडे सायखेड्याच्या बाजूची गावं आली. नाशिकहून सकाळची गाडी धरायची, घरोघर जायचं आणि बाईसमोर वाट्या मांडून विचारायचं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं.

हे काम मला फार चांगलं जमायचं आणि त्याची मला घमेंडही होती. बाकीच्या मुली 'भाकरी दोन' लिहून मोकळ्या व्हायच्या. मी भाकरी काट्यावर ठेवायची. त्या घरच्या पळीत किती आमटी मावते, ते पाणी ओतून बघायची. आमच्या वरिष्ठ बाईंनी एकदा माझा फॉर्म सगळ्यांसमोर उंच धरून दाखवला, तेव्हापासून तर मी हवेतच होते. आम्हाला एक सक्त सूचना होती की सल्ला द्यायचा नाही, फक्त लिहायचं. ती सूचना मला पुढे फार उपयोगी पडली.

टोमॅटो आणि कोथिंबीर करणारं एक घर होतं. तिथली सून पाचव्या महिन्यात होती, जवळजवळ माझ्याच वयाची. मी तिला काही विचारलं की उत्तर सासू द्यायची. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगते, कारण नंतर बरीच वर्षं मी सगळा दोष तिच्या माथी मारून बघितला. ती मला चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. सुनेला भरलेला हंडा उचलू द्यायची नाही. जेवणावर मात्र तिचं बारीक लक्ष. सुनेची दीड भाकरी झाली की ती टोपलं बाजूला सरकवायची. तिची स्वतःची मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली होती.

"पोटात पोर मोठं झालं की अडतं, बाई," ती मला म्हणाली. "डोळ्यांनी बघितलंय म्या. हिचं नाय मी तसं होऊ द्यायची."

मी मान डोलावली आणि लिहिलं, भाकरी दीड.

फॉर्म संपत आला तेव्हा शेजारणीने हाक मारली म्हणून सासू ओट्यावर गेली. सून माझ्या वाट्या आवरायला पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, दुपारी आत्याबाई मळ्यात गेल्या की मी डब्यातले शेंगदाणे खाते. दोन मुठी. वर गुळाचा खडा. लय भूक लागती."

सासूला ती आत्याबाई म्हणायची. हे सांगताना ती हसली, मैत्रिणीला सांगावं तशी. कोणाला सांगू नका, असं मात्र ती म्हणाली नाही. तिने तसं सांगितलं असतं तर मी बोलले नसते, असं मी पुढे स्वतःला कितीतरी वेळा बजावलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. इतर कुणाच्या फॉर्मवर आली नसती अशी नोंद मला मिळाली होती. पण मूठ म्हणजे किती? आम्हाला शिकवलं होतं की मूठ ज्याची त्याची वेगळी असते, तेव्हा त्या बाईलाच मूठ भरायला लावायची आणि वजन करायचं. सासू आत आली तशी मी म्हणाले, "मावशी, शेंगदाण्याचा डबा द्या ना जरा. वहिनींची मूठ मोजायची आहे."

तिने विचारलं, कशाला.

"रोज दुपारी खातात ना त्या. त्याचं वजन लिहायचंय."

सासूने फडताळातून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. सुनेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यात हात घालून तिने मूठ काढली आणि काट्यावर रिकामी केली. जेमतेम दहा-बारा दाणे होते. मुद्दाम कमी घेतलेत हे मला कळलं, आणि कळल्यावर मी काय करावं? मी म्हणाले, "असं नको वहिनी, रोज घेता तेवढे घ्या." तिने पुन्हा हात घातला आणि या वेळी मूठ भरून काढली. मी वजन लिहिलं आणि त्याची दुप्पट केली. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

सातव्या महिन्यात गेले तेव्हा डबा फडताळात नव्हता, वरच्या फळीवर होता. शेंगदाणे? "नाय." गूळ? "नाय." सासू चुलीपाशी बसून ऐकत होती. काय झालंय ते मला लख्ख कळलं. मी सासूशी बोलू शकले असते. दोन मुठींनी पोर अडत नाही, उलट बाईच्या अंगात ताकद येते, एवढं समजावण्याइतकं शिक्षण माझ्याकडे होतं. पण सल्ला द्यायचा नाही, ही सूचना होती ना. वरिष्ठ बाईंच्या कानावर घालावं, तर माझी चूक सांगावी लागली असती आणि उंच धरलेला तो फॉर्म खाली आला असता. मी रकान्यात शून्य लिहिलं आणि उठले.

परतीच्या एसटीत मी स्वतःची समजूत घातली. फळी काही फार उंच नाही. ती खात असणार, फक्त आता मला सांगत नाही. कोणी खोटी माहिती दिली की एरवी माझा संताप व्हायचा. हे शून्य मात्र खोटंच असावं, असं मला मनापासून वाटत होतं. नवव्या महिन्यात पुन्हा शून्य आलं, तेही मी खोटं धरूनच लिहिलं.

मुलगी झाली. मी तिला झोळीत घालून, बाळांसाठी वेगळा आणलेल्या टांगायच्या काट्याला अडकवलं. दोन किलो शंभर ग्रॅम. सासूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, सून सुखरूप सुटली, देवानं ऐकलं. सून भिंतीला टेकून माझ्या काट्याकडे बघत होती.

"कमी हाय का, ताई?"

"ठीक आहे," मी म्हणाले. ठीक नव्हतं. त्या दोन मुठींनी वजन वाढलं असतं की नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. मी साखर तोंडात टाकली आणि फॉर्मवर वजन लिहिलं.

पुढे मी ते काम सोडलं आणि शाळेत लागले. आठ-नऊ वर्षांनी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथी घेत होते, तर विकणारी बाई म्हणाली, "वाट्यावाल्या ताई ना तुम्ही?"

मी लगेच ओळखलं. मुलगी तिसरीत होती, अंगाने बारीक पण अभ्यासात पुढे. सासू दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी धीर करून म्हणाले, की त्या दिवशी माझ्यामुळे डबा वर गेला, माझं फार चुकलं. तिने हातानेच जाऊ द्या केलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला सुटका हवी होती. मी हसत विचारलं, "तुम्ही नंतरही खातच होता ना? मला सांगत नव्हता एवढंच."

ती जुडी बांधत होती.

"फळीवर हात पुरायचा हो, ताई. पण तुम्ही येऊन आत्याबाईंसमोर इचारणार. तुमच्या कागदावर खोटं कसं लिहून द्यायचं? म्हून मग नाय खाल्ले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने जुडी माझ्या पिशवीत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. मी लिहिलेली दोन्ही शून्यं खरी होती.