उभ्यानं खाल्लेलं

बेंबीच्या वर एक गोळा आला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात काटकसर आली. डॉक्टरांनी गोळा दाबून पाहिला. हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, आधी दहा किलो उतरवा, एवढ्या चरबीत टाके टिकणार नाहीत. आणि उतरवायला फार वेळ लावू नका, मध्येच आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. हे सगळं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला तिथं भ्यायचं सुचलंच नाही. रिक्षातून दारात उतरले तेव्हा मात्र पैसे द्यायचेच विसरले, रिक्षावाल्यानं मागून हाक मारली.

दवाखान्यातल्याच एका बाईंनी आहाराचा तक्ता हातात ठेवला होता. ओट्स, किवी, बदाम, ऑलिव्हचं तेल. आमचे हे एमआयडीसीत एका लोखंडाच्या मिलमध्ये हिशोब बघतात. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. जाड होताना असलं काही आणावं लागलं नव्हतं, मग बारीक व्हायलाच एवढा खर्चा का, असा त्यांचा सवाल होता. मुलीचं बारावीचं वर्ष, तिचे क्लास, वर माझं ऑपरेशन. सवाल काही चुकीचा नव्हता. तेव्हा किराण्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि तक्त्यावर स्वतःची अक्कल चालवली. ओट्सच्या जागी गावाकडच्या ज्वारीच्या कण्या आल्या, किवीच्या जागी मोसंबी. ऑलिव्हच्या जागी काहीच आलं नाही. तेल कमीच खायचं तर कोणतं खायचं हे कशाला विचारायचं, असं ते म्हणाले.

कमी आणायचं, कमी खायचं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, असा त्यांचा बेत. त्यात सासूबाईंनी आपला पक्षी सोडला. त्या तीर्थपुरीकडच्या खेड्यातल्या, बरीच वर्षं झाली आमच्याकडेच असतात. त्या म्हणाल्या, उपास धर, वजन बी उतरंल आन् पुण्य बी लागंल. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे धरले. महिनाअखेरी साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांनी किराण्याचं कंबरडं मोडलं. एकादशी दुप्पट खाशी असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत. पुढच्या महिन्यात देवाची माफी मागून उपास सोडले.

वजन करायचं तर काटा हवा. ह्यांनी तोही विकत आणू दिला नाही. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून आहे आणि आमच्या ऑफिसमागं गोदाम आहे, तिथं गोण्या तोलायचा मोठा काटा आहे. तो काय वेगळं दाखवणार आहे? झालं, दर शनिवारी डबा खाल्ला की मी चप्पल काढून त्या काट्यावर उभी. हमाल तेवढा वेळ तोंड फिरवून बिडी ओढायचे, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. गोणी जास्त भरली तर पसाभर बी काढून घेता येतं. माझ्यातून काय काढणार?

वजन हलेना. कण्या खाऊन तोंडाची चव गेली, रोज सकाळी मोतीबागेपर्यंत पायपीट करून टाचा दुखायला लागल्या, पोटावर पट्टा बांधून ऑफिसात बसायचं म्हणजे जीव नको व्हायचा. काटा आपला जिथल्या तिथं. घरात सगळ्यांना माझं ताट दिसत होतं. एक भाकरी, वाटीभर वरण, काकडी. बाई चिमणीएवढं खाती, असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर मात्र दर वेळी पेन टेबलावर आपटत विचारायचे, नक्की एवढंच खाता ना? ऑपरेशन पुढं ढकलायचे आणि पुढच्या महिन्यात बोलवायचे.

एका रविवारी खोकला आला आणि गोळ्यात अशी कळ गेली की मी दाराची चौकट धरून खाली बसले. तेवढ्यात हे म्हणाले, "खरं सांग, ऑफिसात काय खाऊन राह्यलीस? घरून माल कमी चाललाय आन् वजन तिथंच हाय. कुठून तरी आवक असंलच की."

मला रडू फुटलं. इथं जीव मुठीत धरून बसलीय मी, आणि ह्यांना आवक-जावक सुचते. लेकरांची शपथ घेऊन सांगितलं, ताटाबाहेर एक कण घेत नाही. शपथ मनापासून घेतली होती. त्यांचा चेहरा उतरला, पाणी आणून दिलं, पण हिशोब लागत नाही म्हटल्यावर ह्यांना झोप येत नाही हे मला ठाऊक होतं.

दिवाळीची सुट्टी लागली. सासूबाई दोन्ही लेकरांना घेऊन गावाकडं गेल्या. आम्ही दोघंच राहिलो. दोन माणसांचा स्वयंपाक, दोन ताटं, खेळ खलास. त्या शनिवारी काट्यावर उभी राहिले आणि काटा चक्क खाली. बिघडला असेल म्हणून एक गोणी चढवून पाहिली. गोणी बराबर होती. मला कोण आनंद झाला. पुढच्या आठवड्यात मंडळी परत आली, आणि त्यांच्यामागोमाग माझं वजनही परत आलं.

आता मिलमधल्या माणसाला सुगावा लागला. भट्टीत भंगार किती गेलं, सळई किती निघाली, मधलं कुठं गेलं, हे शोधण्यात ह्यांचं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाली, माझंही झालं, आणि मी भांडी काढत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे असावेत.

"काय करून राह्यलीस?"

"आवरतेय."

"मंग तोंडात काय हाय?"

मी हाताकडं पाहिलं. हातात धाकट्या लेकानं टाकलेली अर्धी पोळी होती, तिच्यात कढईतलं उरलेलं वांगं गुंडाळलेलं. पातेल्याच्या बुडाचा भात वरणात कालवून आधीच संपवला होता. मुलीनं ताटात सोडलेला शिरा तर कधी पोटात गेला ते कळलंही नव्हतं.

"अहो, हे काय जेवण आहे का?" मी म्हणाले. "हे उरलेलं आहे."

देवाशपथ, मला तसंच वाटत होतं. जेवण म्हणजे ताट घेऊन बसून खाल्लेलं. ओट्याशी उभ्यानं खाल्लेलं ते आवरणं, भांडी घासण्याच्या आधीचं काम. माझी आई असंच आवरायची, सासूबाईही हातपाय धड होते तोवर असंच आवरायच्या. अन्न टाकलं की लक्ष्मी रुसते. त्यात घरात काटकसर चाललेली, मग तर एक शीत टाकायची सोय नव्हती. वाचवलेलं सगळं कुठं जमा होतंय ते मात्र माझ्यासकट कुणी बघितलं नाही. हे पिठाच्या डब्यावर बसले. मला वाटलं आता हसतील, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं भांडी घासून राह्यलीस. रोज वाटायचं."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मोजून सुरू झाला. कणीक मळायच्या आधी हे प्रत्येकाला किती पोळ्या ते विचारायचे, आणि ज्याच्या ताटात उरेल त्यानं सकाळी तेच फोडणी देऊन खायचं. धाकट्याची खोड चार दिवसांत मोडली. सासूबाई फुगून बसल्या. माणसं मोजून भाकरी थापायच्या, हे कुठलं घर? दारात पाहुणा आला म्हणजे? पाहुणा आला की त्याला गरम करून वाढू, असं मी म्हणाले, तेव्हा त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण किराणा उतरला, आणि किराण्यामागं मीही. एका शनिवारी हमालांनी बिडी विझवून विचारलं, बाई, किती झालं? मी सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

मुलीची परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात माझं ऑपरेशन झालं. टाके टिकले. घरी आले तेव्हा डॉक्टरांनी उठबस बंद केली होती, म्हणून स्वयंपाक मुलीनं हातात घेतला. मला कौतुक वाटलं. पोरगी मोजूनच करत होती, तरी नव्या हाताचा अंदाज चुकतोच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी कूलर घरघरत होता, सासूबाईंचा डोळा लागला होता. मला तहान लागली. कुणाला कशाला हाक मारायची म्हणून भिंतीला धरत धरत मीच स्वयंपाकघरात गेले. मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी होती. एका हातात धाकट्याची ताटली, दुसऱ्या हातानं पोळीच्या तुकड्यानं कढई पुसून घेत होती. मान खाली, घास भराभर.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ती न वळताच म्हणाली. "एवढं आवरून बसते."

टाके ताणले गेले. मी ओट्याचा काठ धरला आणि तिच्या हातातली ताटली काढून घेतली.

"स्वच्छ ताट घे. बस खाली. गरम पोळी घे."

"मम्मी, हे वाया जाईन ना."

"जाऊ दे वाया."

या घरात हे शब्द याआधी कुणी उच्चारले नव्हते. आवाजानं जाग्या झालेल्या सासूबाई दारात आल्या होत्या. पोरगी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत खाली बसली. मी तिला वाकून वाढू शकत नव्हते, तिचं तिनंच वाढून घेतलं आणि सावकाश जेवली. ती ताटली संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशीच होती. सासूबाई दोनदा तिच्यापर्यंत गेल्या आणि दोन्ही वेळा हात न लावता परत आल्या.