बुधवारचा केक

सासूबाईंना बाटवताहेत, असा माझा पक्का संशय होता. माझं माहेर वसईचं. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले, आणि इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये सासूबाई दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन चक्क केक खाऊन येत होत्या.

सासरे गेल्यावर त्या नागपूरहून आमच्याकडे आल्या. त्यांनी आता कायमचं इथेच राहायचं, असं नवऱ्याने ठरवलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला तर त्या हव्याच होत्या. मुलीला त्यांच्यापाशी सोडून मी निर्धास्त ऑफिसला जायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचा लळा लागला होता. म्हणून त्या हॉलवर मी डूख धरून होते.

"काय करता हो आई तिथे?"

"हिस्ट्री शिकतो गं आम्ही."

चर्चच्या हॉलमध्ये कसली आलीय हिस्ट्री! मग एके दिवशी त्यांनी तिथून आणलेलं चित्र फ्रिजवर लागलं: पांढऱ्या भिंतींची लहान लहान घरं, मधे हिरवळ, मागे चर्चचा मनोरा. माझं डोकंच फिरलं. पुढच्या बुधवारी हाफ डे टाकला आणि त्यांच्या मागोमाग हॉलमध्ये जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

पडद्यावर तीच घरं होती. एक निवृत्त शिक्षिका सांगत होत्या: मध्ययुगात बेल्जियमकडे बेगीन म्हणवणाऱ्या बायका अशा वस्त्यांत राहायच्या. कुणी विधवा, कुणी बिनलग्नाच्या. देवाधर्माचं करायच्या, पण नन नव्हत्या. जन्मभराची शपथ नव्हती. लोकर धुऊन, सूत कातून, आजाऱ्यांचं करून पोट भरायच्या आणि वाटलं तर निघून जायच्या. चर्चला त्यांचा भारी संशय. नवरा नाही, मठ नाही, मग या करतात तरी काय? एकीला तर जिवंत जाळलं. मला चर्चचा असा संताप आला की आपण कशाला आलोय तेच विसरले.

तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला.

"इफ हर सन सेज, कम होम?"

"शी कॅन गो," बाई म्हणाल्या. "ऑर शी कॅन स्टे."

सासूबाईंनी मला पाहिलं होतं. घरी येताना वाटेत त्या आपणहून बोलल्या.

"नागपूरला माझ्या दोघी मैत्रिणींनी एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलेत. तिसरा माझ्यासाठी बघून ठेवलाय. दार जिचं तिचं, रात्रीचं जेवण एकत्र. मी मार्चमध्ये जाते. त्याला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही."

"आमचं काही चुकलं का, आई?"

"नाही गं. चुकलं असतं तर केव्हाच बोलले असते."

त्यांनी धर्म बदलला असता तर परवडलं असतं. नवऱ्याला घेऊन त्या हॉलवर भांडायला तरी गेले असते. आता कुणाशी भांडू?