दुकानाच्या मागच्या दारानं

माझ्या आतेसासूबाईंइतका बाजार पाहिलेली आणि त्या बाजारातून सुतळीचा तोडासुद्धा विकत न घेतलेली बाई अख्ख्या मुंबई-हावडा लाइनवर सापडायची नाही. त्यांचे यजमान दुर्गला रेल्वेत गार्ड होते. मी भिलाईत फिटर. कारखाना अजून उभा राहत होता, तो उभा करायला सगळ्या मुलखांतून माणसं आली होती, आणि कॅम्प-१ या कामगारवस्तीच्या बाजारात काय वाटेल ते मिळतं अशी ख्याती पार राजनांदगावापर्यंत गेली होती. दर रविवारी आत्या सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायच्या आणि पदर खोचून म्हणायच्या, "चला जावयबापू, बाजार पाहू."

पाहू म्हणजे नुसतं पाहू, हे मला पहिल्या रविवारीच कळलं. जावयाच्या कर्तव्यबुद्धीनं मी त्यांना कापडाच्या दुकानात नेलं. सरदारजींनी डझनभर लुगडी उलगडली, पण आत्यांची नजर त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर. "याच्या मागं काय हाये?" मी म्हटलं, "मागं राहत असतील ते." "मंग थेच पाहू ना! लुगडे त इतवारीच्या बाजारातई भेटते." असं म्हणून त्या पडदा सारून थेट आत. सरदारजींची माफी मागत मीही मागोमाग. पुढं हेच नित्याचं झालं. दुकानात पुढून शिरायचं आणि मागच्या दारानं निघायचं. मागं पत्र्याच्या खोल्यांची गर्दी, आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या मुलखाचा स्वयंपाक. मल्याळी बाईच्या कढईत खोबरेल पाहून "डोक्स्याचं तेल भाजीत?" म्हणून त्या थक्क झाल्या, आणि मग ती भाजी वाटीभर खाऊन आल्या. भिंतीला रोटी चिकटते कशी हे पाहायला त्यांनी पंजाबणींच्या तंदुरात हात घातला आणि आठवडाभर त्यावर तूप लावत बसल्या. "कावून?" म्हणजे का बरं, हा त्यांचा लाडका शब्द. उत्तर कुठल्या भाषेत येतंय याची त्यांना पर्वा नसे.

एका रविवारी भांड्यांच्या दुकानामागं एक तरुण मुलगी उंबऱ्याशी रांगोळी काढताना दिसली. काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. आत्या थबकल्या. "भर दुपारी कावून रांगोळी काढून राहिली व माय?" मुलीनं वर पाहिलं आणि तिचे डोळे भरूनच आले. आंध्रातून लग्न होऊन आलेली, तेलुगूखेरीज एक शब्द येत नसलेली. नवरा शिफ्टला गेला की तोंड उघडायला माणूस नाही. हे सगळं मागाहून समजलं. त्या घटकेला आत्यांनी तिच्याजवळ बसकण मारली आणि मला म्हणाल्या, "तुमी जा. मी येतो गाडीच्या टायमाले."

त्या दिवसापासून बाकीचे पडदे सुटले. आत्या दर रविवारी तिथंच. समोर दिसेल त्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि नाव सांगायचं. मी चहाच्या टपरीवर ताटकळत असे. चार-पाच महिन्यांत मुलगी घडाघडा बोलू लागली. आत्यांचा आनंद गगनात मावेना.

मग एके दिवशी तिचा नवरा कारखान्यातल्या शॉपमध्ये माझ्यापुढं येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. "भाईसाब, आपका आत्या मेरा घरवाली को कौन-सा हिंदी सिखाया?" झालं होतं असं, की मुलगी पहिल्यांदाच एकटी भाजी आणायला गेली आणि ऐटीत म्हणाली, "मले कवळी भेंडी पायजे, कशी देल्ली?" भाजीवाली छत्तीसगढी. "का कहत हस, बाई?" मुलीनं तेच जरा मोठ्यानं सांगितलं. चार माणसं जमली, हसली. ती रडत घरी गेली आणि कालपासून जेवली नव्हती. आपण शिकलो तीच हिंदी, तीच साऱ्या भिलाईची भाषा, असं ती बिचारी समजून चालली होती.

मी रविवारी आत्यांना हे सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी हातातला चहा न पिताच खाटेखाली ठेवला. "मी कधी सांगतलंच नाही तिले, का हे मराठी हाये म्हून," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीचं हसू केलं मी. तुमी चला संगं. मले एकटीले जावत नाही."

बेधडक कोणाच्याही घरात शिरणारी बाई त्या दिवशी दाराबाहेरच उभी राहिली. मुलगी बाहेर आली. आत्यांनी दोन्ही कान पकडले आणि जमेल तशी हिंदी काढली, "बेटी, मेरेकू माफ कर, मय चुकलो."

मुलीनं आत्यांचे हात कानांवरून काढले. "मावशी, असं कावून बोलून राहिली? आपलं बोल ना."

हिंदी तिला पुढं त्या भाजीवालीनंच शिकवली. आत्यांच्या यजमानांची गोंदियाला बदली झाली, आणि काही वर्षांनी आत्या तिथंच वारल्या. परवा मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कॅम्प-१ला गेलो होतो. भांड्यांच्या दुकानामागून त्या आंध्रातल्या मुलीचा खणखणीत आवाज आला, "अवं पोरी, दूध उतू जाऊन राहिलं ना व! कुठं उंडारतं?" आणि तिच्या लेकीचं तितकंच खणखणीत उत्तर, "आली ना, माय!"

माझी मुलगी घरी आईशीही हिंदीच बोलते. तिनं माझा हात ओढला. "बाबा, ये लोग क्या बोल रहे हैं?"

मी तिला सांगितलं. हिंदीत.