भर दुपारच्या भयकथा

हिंदी मुलखातल्या आमच्या दाना ओली या गल्लीत समोर राहणाऱ्या काकू भुताखेतांच्या कथा लिहायच्या आणि त्या भर दुपारी, लख्ख उजेडात वाचून दाखवायच्या. गल्लीतली पोरं त्यांना 'भूतवाली काकू' म्हणायची. "रात्री तर कोणीही डरतो," त्या म्हणायच्या. "दुपारी डरवून दाखवा, तेव्हा मानते." एकदा मंडळाच्या कार्यक्रमात कुणा उत्साही माणसाने वातावरणनिर्मिती म्हणून दिवे मालवले, तर काकूंनी वाचन थांबवलं. "पहिले बत्त्या लावा. मला अंधाराची मदत नको." दिवे लागले, आणि तरीही पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींचे हात धरून बसल्या.

त्यांच्याकडे पाहून भूत आठवावं असं काही नव्हतं. गोल, हसरा चेहरा आणि आल्यागेल्याच्या हातावर तीळ-गुळाची खुसखुशीत गजक ठेवायची सवय. मात्र गजक देता देता "जिन्यात कोणी भेटलं का गं?" असं इतक्या सहज विचारायच्या, की परतताना मी जिना धावतच उतरायची.

काकूंचे परीक्षक म्हणजे काका. हिवाळ्यात ते उन्हात बसून मटार सोलायचे आणि काकू समोर बसून नवी कथा वाचायच्या. सोलणारे हात थांबले, की कथा पास. चालूच राहिले, की काकू कागद टराटरा फाडायच्या.

"अगं, पण छान होती," काका कळवळून सांगायचे.

"मग मटार कसे काय सोलले गेले?"

पुढे एका प्रकाशकाने काकूंच्या आवडत्या भयकथांचा संग्रह काढायचं ठरवलं आणि टायपिंग माझ्याकडे आलं. आज दोघंही नाहीत, तो संग्रह तेवढा माझ्या उशाशी असतो. कथा काकूंनीच निवडायच्या होत्या; पण त्यांना निवड हवी होती काकांची. आणि काकांची स्मरणशक्ती तर कमी होत चालली होती. सकाळचं दुपारी आठवत नसे. लोक हळहळायचे, काकू हसण्यावारी न्यायच्या. "असा श्रोता नशिबाने भेटतो गं. जुनीच कथा, पण यांना रोज नवी." एकदा चहा गाळताना मात्र बोलून गेल्या, "जल्दी करावं लागेल आपल्याला. यांना समजतंय तोवर झालं पाहिजे."

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. मटार सोलणारे हात थांबले, की ती कथा मी संग्रहासाठी बाजूला ठेवायची. कधी काका मध्येच धागा सोडून रस्त्याकडे बघत बसायचे. काकू न चिडता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायच्या.

सगळ्यात शेवटी काकूंनी आपली लाडकी कथा काढली. बाजारातून परतलेल्या बाईला घरातलं कुणीच ओळखत नाही, अशी ती कथा. काका ठणठणीत असताना लिहिलेली. काकांचे हात थांबले. वाचन संपल्यावर ते काकूंकडे पाहून अदबीने म्हणाले, "छान वाचता तुम्ही. पण आमची बायको याच्यापेक्षा जास्त डरवते. टोपी बाजारात गेली असेल, येईलच. बसा, तिची एखादी ऐकून जा."

जन्मभर काकूंना 'अगं' म्हणणाऱ्या काकांच्या तोंडी ते 'तुम्ही' ऐकून मला वर बघवेना. काकूंनी कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले.

"ही काढून टाक."

"काकू, ही तर सगळ्यात चांगली आहे. हात थांबले होते त्यांचे."

"थांबले ना. पण त्यांना बायकोच्या जास्त आवडतात."

मग त्यांनी आपली खुर्ची काकांच्या जवळ ओढली आणि पदर सावरून बसल्या. "हो," काकांना म्हणाल्या, "ऐकूनच जाते."