आत्याच्या पोटाचं पांढरं औषध

माझी आत्या जसोंडी गावची. केळीच्या बागेत मजुरांना हाका मारून तिचा आवाज असा झालाय, की ती आमच्या शहरातल्या, सिंधीपुऱ्यातल्या घरी आली की अख्ख्या गल्लीला कळतं. माझ्या मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी ती आली आणि चौथ्या दिवशी सकाळी एकदम गप्प झाली.

समोरचा चहा निवला. पापण्या जड, चेहरा लालसर. उठायला गेली तर पायांत जोरच नाही.

"काल इतवाऱ्याच्या बाजारात फिरली ना, थकली असेल," माझा भाऊ म्हणाला.

मला पटेना. आम्ही रिक्षानं दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नाडी मंद होती, बीपी उतरलेलं. त्यांनी छोट्या हातोडीनं आत्याच्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हललाच नाही. दुसराही नाही.

"किडनीचा त्रास आहे?"

"हो, दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

"घरी स्वतःच्या मनानं काही घेतात का?"

मी आत्याची पिशवी उपडी केली. पोट साफ व्हायच्या पांढऱ्या औषधाच्या तीन बाटल्या निघाल्या, दोन रिकाम्या.

आत्या पुटपुटली, "पोट साफ होत नव्हतं, तर मी रोज चार-चार ढक्कन घेत गेली."

"यात मॅग्नेशियम असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी कमजोर असली की ते बाहेर पडत नाही, रक्तात साठतं. मग अंग ढिलं पडतं, हृदयही मंदावतं."

रक्त तपासायला गेलं. ईसीजी बघून त्यांनी रिपोर्टआधीच शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, हृदय सांभाळायला. रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम खूप वाढलेलं निघालं. दुपारी डायलिसिस झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हातोडी आली. ठोकताच आत्याचा पाय असा उडाला, की डॉक्टरीणबाईंच्या हातातली फाईल खाली पडली.

"काय वं पोरी, मारते काय मले?" आत्या कडाडली.

अख्खा वॉर्ड हसला. मी हसता हसता रडले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, "विचारल्याशिवाय साधं पाचकही घ्यायचं नाही." आत्यानं गावी जाऊन आपल्यासारखाच किडनीचा त्रास असलेल्या दोन बायांच्या घरचे औषधांचे डबे तपासले, असलं औषध तर नाही ना म्हणून.

डॉक्टरीणबाई लग्नाला आल्या. बँड वाजू लागताच आत्यानं त्यांचा हात धरून त्यांना नाचायला ओढलं. त्या आधी लाजल्या, मग पदर खोचून आमच्या सगळ्यांपेक्षा छान नाचल्या.