डाव्या कानाचा निकाल

भंगाराच्या आवारात मोटारी चेपणाऱ्या प्रेसवर तो कामाला होता. सगळे त्याला एककान्या म्हणत. उजवा कान लहानपणीच गेलेला. धाकट्या भावाने बापाचा रेडिओ खोलून ठेवला, बापाचा हात उठला आणि हा मध्ये पडला. रेडिओ नंतर दुरुस्त झाला.

उरलेल्या कानाने तो रॉक ऐकायचा. नवा अल्बम आला की इंजिन काढलेल्या एखाद्या गाडीत बसून शेवटपर्यंत ऐकायचा. इअरफोनचा उजवा बोळा त्याने पकडीने कापून टाकला होता. उगाच लोंबायचा, कुठेतरी अडकायचा. मग जेवणाच्या सुट्टीत निकाल.

"आज कुणाचा मुडदा पाडलास?" क्रेनवाला विचारी.

"त्या चौघांचा. गायक बोंबलतो, पण बोट दारात चेंगरल्यासारखा नाही, फोटो काढून घेत असल्यासारखा. बोथट सुरी आहे. कापत नाही, नुसती घासते."

"आणि त्या बाईचा?"

"ती पहिल्याच गाण्यात दात पाडते. मग उचलून आपल्याच हातात देते. ऐक तू."

आवारात त्याचा निकाल कुणी मोडत नसे.

मग धाकट्याच्या बँडचा पहिला अल्बम आला. सकाळी त्याने गाणी पाठवली आणि दुपारी स्वतःच प्रेसपाशी हजर झाला. पाठीवर गिटार, गळ्यात मोठे हेडफोन.

"ऐकलंस, दादा?"

"ऐकलं."

"मग बोल ना. मिठाची गुळणी धरलीस का?"

गाण्यांच्या बाबतीत थोरला कधी खोटं बोलला नव्हता. "ड्रम दणदणीत आहेत. गळाही ठीक. पण तू कुठे आहेस? गिटार म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी भांडतंय, एवढंच. तुझ्याच अल्बमात तू नाहीस रे."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने गिटार प्रेसच्या जबड्यात भिरकावली आणि ती चालू करायच्या हिरव्या बटणाकडे हात नेला. थोरल्याने मागून त्याची मान आवळली. दोघेही लोखंडाच्या किसावर कोसळले. धाकट्याचं कोपर थोरल्याच्या बरगडीत घुसलं. त्याने थोरल्याचं डोकं एका निखळलेल्या दारावर आपटलं, पुन्हा आपटलं. थोरल्याचा ओठ फाटला, कानशिलातून रक्त आलं.

"तुझ्यासाठी वाजवलं होतं, हरामखोरा! तुझ्या एकट्यासाठी!"

त्याचा तळहात मागे गेला, थेट बापासारखा.

थोरल्याने नाक झाकलं नाही, डोळे झाकले नाहीत. दोन्ही हातांनी डावा कान झाकला.

हात वरच राहिला. धाकटा त्या कानाकडे बघत राहिला. मग थोरल्याच्या खिशातून लोंबणाऱ्या त्या एकुलत्या बोळ्याकडे.

"दादा, तू ह्याच्यावर ऐकलंस?"

"दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"अरे, गिटार उजवीकडे आहे. जवळजवळ सगळी. दोन कानांत वेगवेगळं वाजतं!"

क्रेनवाला वरून ओरडला, "म्हणजे इतकी वर्षं तू अर्धेच मुडदे तपासलेस?"

कुणी हसलं नाही. धाकट्याने आपले हेडफोन उलटे करून थोरल्याच्या डोक्यावर चढवले. उजवी वाटी डाव्या कानावर बसली, रक्ताने चिकटली.

गिटार आधी दबकत आली. मग कुत्र्याचा पट्टा सुटावा तशी अंगावर आली. फुटलेली काच, आपटलेली भांडी, बापाचा जड श्वास, सगळं एका तारेवरून फरफटत नेत होती. थोरल्याने दाराची कड घट्ट धरली. शेवटचं गाणं संपेपर्यंत सोडली नाही.

"बोल ना," धाकटा म्हणाला.

थोरला बाजूला रक्त थुंकला. "आहेस. तू आहेस यात." मग ओठ पुसून म्हणाला, "पण तिसऱ्या गाण्याच्या शेवटी हात आखडलास. तिथे मारायला हवं होतं."

धाकट्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तो गिटार काढायला जबड्यात उतरला. तो बाहेर येईपर्यंत थोरला लाल बटणावर अंगठा दाबून उभा होता.