डाव्या हातातली जास्वंद

सुरुचीनं चहाचं आधण ठेवलं आणि दार वाजलं. बाहेर माळी उभा, हातात कुदळ.

"साब ने बोला है, गुड़हल जड़ से निकालना है."

जास्वंद मुळासकट? ती नवऱ्याकडे, सुजयकडे वळली. "आईंना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? काल हात बघितलास ना?"

बघितला होता. संध्याकाळी अंग पुसताना सासूबाईंच्या डाव्या हातावर मनगटापर्यंत फोड दिसले. बोटांच्या बेचक्यात लाल मुंग्या चिरडलेल्या.

सासूबाई, इंदुमतीबाई, लग्न होऊन दिल्लीत आर. के. पुरमला आल्या त्या जास्वंदीची फांदी घेऊनच. यजमानांना बढती मिळाली की सरकारी क्वार्टर बदले, आणि सामानाच्या आधी नव्या अंगणात फांदी लागे. रोज सकाळी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्या कळ्यांवरची पांढरी कीड पुसत. सुरुची नवी नवरी असताना म्हणाली होती, "आई, मुंग्या मारायची पावडर टाकू या की!"

"मुंग्यांवर कशाला राग? ही कीड म्हणजे त्यांची दुभती गाय. गाय हाकल, गवळी आपोआप जातील."

गेल्या दिवाळीत सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून कळ्या कुणी पुसल्या नाहीत. फुलं मात्र सुरुची रोज आणून त्या निर्जीव तळव्यात ठेवायची; सासूबाई उजव्या हातानं एकेक उचलून गणपतीला वाहायच्या. "डावा हात म्हणजे आता तबक झालंय बघ," त्या हसायच्या, "काहीही ठेव, कुरकुर नाही." काल उरलेली फुलं दिवसभर त्या तबकातच राहिली. मुंग्या चावत होत्या आणि इंदुमतीबाई मजेत रेडिओ ऐकत होत्या.

"कोण आलंय गं?" आतून थोडा जड आवाज आला.

सुरुचीनं खरं ते सांगितलं.

"परत पाठव त्याला. झाडानं काय केलंय?"

"अगं आई, तुला कळतच नाही चावलेलं!" सुजयचा आवाज चढला. "उद्या हात सडला तर?"

"नाही कळत, ते खरंच," त्या म्हणाल्या. मग उजव्या हातानं डावा उचलून, दुसऱ्या कुणाची वस्तू बाजूला ठेवावी तसा, त्यांनी पांघरुणाखाली ठेवला. बाहेर माळी खोकला.

"सुरुची, उद्यापासून एकच फूल आण. उजव्या हातात दे. मुंगी चावली तर मला कळू दे."